नरक्याचा काढा आणि हाडाचा कॅन्सर: खुलासा

सिंधुदुर्गात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय: 'नरक्याच्या सालीचा काढा घ्या, हाडाचा कॅन्सर पसरत नाही.' खरं एवढंच, की नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं रसायन असतं. तेच १९७०च्या सुमारास माणसांना देऊन पाहिलं, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव झाला, पांढऱ्या पेशी घसरल्या. चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याची रचना बदलून टोपोटेकन, इरिनोटेकन ही औषधं आली. ती मुख्यतः अंडाशयाच्या, आतड्याच्या कॅन्सरला, रक्त तपासत, मोजून देतात. काढ्यातली मात्रा कोण मोजणार? ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर पसरला, तर बहुधा फुप्फुसांत पसरतो; त्यावर मुख्य उपचार केमोथेरपी आणि शस्त्रक्रियाच. (नरक्या आधीच बेसुमार तोडीने विरळ झालाय, तेव्हा कोयता घरीच ठेवा.) कोणी काढा सुरू केला असेल, तर थांबवा आणि डॉक्टरांना न लपवता सांगा.