स्वीडनचा दाखला इथे लागू होतो का?

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: स्वीडनने शाळांतून टॅब हद्दपार करून पुस्तकं परत आणली. मोबाईलने वाचन मारलं. तो मुलांकडून काढून घ्या, ती आपोआप वाचू लागतील.

'टॅब हद्दपार केले.' इतकं काही घडलेलं नाही. 2023 मध्ये तिथल्या सरकारने बालवाड्यांमधली डिजिटल साधनांची सक्ती मागे घ्यायचं ठरवलं आणि छापील पाठ्यपुस्तकांसाठी 68.5 कोटी क्रोनर दिले. चौथीच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत स्वीडनचे गुण 2016 मध्ये 555 होते, ते 2021 मध्ये 544 झाले. या चाचणीचा मध्य 500 आहे, म्हणजे घसरूनही ती मुलं बरीच वर आहेत. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर जास्त नीट समजतो, हे मात्र अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलंय. तेवढं मान्य.

'मोबाईलने वाचन मारलं.' स्वस्त डेटा आपल्याकडे 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर पसरला. त्याआधीचा, 2012 चा 'असर' (ग्रामीण मुलांना कितपत वाचता येतं याची पाहणी) अहवाल काढून बघा. ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नव्हता. 2024 मध्ये तो वाचता येणारी मुलं 48.8 टक्के. दोन्ही वेळी चित्र जवळपास तेच, मग मोबाईलने मारलं काय?

'आपोआप वाचू लागतील.' खरी अडचण या 'आपोआप'मध्ये आहे. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं. या भाषेचं मराठीशी दूरचंही नातं नाही. पहिलीत त्याच्यापुढे येते अनोळखी भाषेतली बाराखडी. ती घोटण्यातच वर्ष सरतं आणि वाचलेल्याचा अर्थ काय, हे विचारायची पाळी फार उशिरा येते. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळच्या सोनाळ्यातली 'क्वेस्ट' ही संस्था यावर वेगळी वाट काढते. तिच्या 'गोष्टरंग' उपक्रमातले कलाकार आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकातली गोष्ट करून दाखवतात. गोष्ट डोळ्यांसमोर घडून गेली की पुस्तक परकं राहत नाही. मौखिक परंपरेत वाढलेल्या मुलांना वाचनाकडे नेणारा याहून सरळ रस्ता मला तरी माहीत नाही.

पडद्याचाही असाच उपयोग झालाय. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी 1996 पासून एक साधी कल्पना लावून धरली: टीव्हीवर गाणं लागलं की त्याच भाषेत त्याच्या ओळी खाली दाखवायच्या, आणि गायला जाणारा शब्द रंग बदलणार. आधी गुजराती गाणी, नंतर दूरदर्शनचं 'चित्रहार'. गाणं पाठच असतं, त्यामुळे डोळा न सांगता अक्षरांवरून फिरतो. जेमतेम अक्षरओळख असलेल्यांना त्याने सराव मिळाला. मराठी वाहिन्यांवरच्या प्रत्येक गाण्याखाली अशा ओळी का नसाव्यात? (जाहिरातींच्या पट्ट्यांना जागा पुरते, मग ओळींनाही पुरेल.)

मोबाईलची धास्ती घ्यायचीच असेल, तर त्यातल्या माईकच्या खुणेची घ्या. बोललं की व्हिडिओ हजर, वाचायची गरजच नाही. लिहायची वेळ आली तरी मराठी रोमन लिपीत उमटतं. ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, असं 2024 चाच 'असर' सांगतो. मराठीच्या तासाला त्यांच्याकडून देवनागरी कीबोर्डवर शोध घेऊन घ्यावा. आलेली बातमी कुणी दिली, कधीची आहे, दुसरीकडे काय छापलंय, हे वाचून काढायला सांगावं. सुरुवात स्वीडनच्या या मेसेजपासूनच करता येईल.