ई ३०४ म्हणजे ‘पेट्रोलमधलं व्हिटॅमिन’? काहीही!

फिरत फिरत तो मेसेज शेवटी आमच्या आत्याकडे पोचला, तिने तो वहिनीला मोठ्याने वाचून दाखवला आणि वहिनीचं बाळ चार महिन्यांचं, म्हणून लिहितोय. मेसेज म्हणतो, बाळाच्या दुधाच्या पावडरच्या डब्यावर ई ३०४ म्हणजे एस्कॉर्बिल पामिटेट (व्हिटॅमिन सी चं तेलात विरघळणारं रूप) दिसलं की डबा फेका, ते प्लास्टिक चढवलेल्या ‘जिवंत’ एन्झाइमने पेट्रोलमध्ये बनतं, त्यात डुक्कर असतं, एन्झाइम आतडी खातं, बाळाला सरळ गाईचं दूध द्या.

आधी गाईचं दूध. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते देऊच नका, त्यात लोह कमी आणि प्रोटीन-क्षारांचा भार किडनीवर! आणि कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या, बेबी फॉर्म्युलाच्या स्टँडर्डमध्ये ई ३०४ ला परवानगी आहे, १०० मिलीला १ मिलिग्रॅमपर्यंत.

एन्झाइम जिवंत नसतं हो. ते प्रोटीन आहे, पोटात गेलंच तर डाळीतल्या प्रोटीनसारखं पचून जाईल. आणि जाईल कसं? ई ३०४ बनवायला लागणारं लायपेज (एरवी चरबी तोडणारं एन्झाइम) बारीक मण्यांवर बसवतात, काम झालं की मणी गाळून पुन्हा वापरतात, महाग माल आहे, तुमच्या डब्यात कोण सोडतंय! ते ‘प्लास्टिक’ म्हणजे बहुतेक हेच मणी.

आता पेट्रोल. व्हिटॅमिन सी तेलात विरघळत नाही, म्हणून त्याला पामिटिक ॲसिडची, म्हणजे एका फॅटी ॲसिडची, शेपटी जोडायची, की झालं ई ३०४. या जोडणीत पाणी सुटतं, आणि आजूबाजूला भरपूर पाणी असलं की तेच लायपेज जोड तोडायला लागतं, म्हणून पाण्याऐवजी ॲसिटोन किंवा टर्शरी अमाइल अल्कोहोल असं सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) घेतात आणि नंतर ते उडवून काढतात; मेसेजचं ‘पेट्रोल’ बहुतेक हेच. एवढीच भीती असेल तर आपल्या इंदूर-देवासकडच्या सॉल्व्हंट प्लांटमधलं सोयाबीन तेल बघा, ते हेक्झेनने काढतात, हेक्झेन तर खरंच पेट्रोलियममधलं, आणि त्याच तेलात आत्या पुऱ्या तळते. तेव्हा मेसेज नाही आला कुणाचा.

डुकराचं थोडं खरं आहे, नाही म्हणत नाही. १९८४ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत झॅक्स आणि क्लिबानोव या संशोधकांचा पेपर आला, त्यात डुकराच्या स्वादुपिंडातलं लायपेजच होतं. जवळजवळ कोरड्या सॉल्व्हंटमध्ये ते १०० अंशांना कित्येक तास टिकलं आणि कामही करत राहिलं. पण ई ३०४ साठी आता ज्याचं नाव सारखं येतं ते कॅन्डिडा अंटार्क्टिका नावाच्या यीस्टचं लायपेज. शिवाय एन्झाइमशिवाय, सल्फ्युरिक ॲसिडने बनवायची जुनी पद्धत आहेच. डब्यावरच्या ई ३०४ वरून कुठली पद्धत वापरली ते कळतच नाही, मग मेसेजवाल्याला कुठून कळलं?