लेण्यात आपले नाव कसे कोरावे, आणि इतर हिताच्या सूचना

गेल्या रविवारी कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध लेण्यातल्या स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, मला जे ज्ञान प्राप्त झाले ते एकट्यानेच उपभोगणे बरे नव्हे, म्हणून सहकुटुंब सहपरिवार लेणी पाहू इच्छिणाऱ्या सर्वांच्या चरणी पुढील सूचना नम्रपणे सादर करीत आहे.

निघण्यापूर्वी काहीही वाचू नये. दिसेल ते लेणे पांडवांनी एका रात्रीत खोदले आणि कोंबडा आरवल्यामुळे ते अर्धवट राहिले, एवढे ठाऊक असले की नाशिकपासून कान्हेरीपर्यंत कुठेही अडत नाही. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम भिंतभर कोरवून घेतले आहेत. पुढे सगळे श्रेय भीमाला जाणार आहे, याची त्या माउलीला कल्पना नसावी.

अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, ही माहिती फाटकापाशी पोहोचल्यावरच मिळवावी, म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्याशी वाद घालायला जागा राहते.

अजिंठ्यात फ्लॅश वापरू नये असा फलक असतो. अंधारात तो वाचता येत नसेल, तर त्याच्यावर एकदा फ्लॅश मारून पाहावा.

भाज्याला गेल्यास 14 स्तूपांचा समूह अवश्य पाहावा, कारण बसून फोटो काढायला इतकी सोयीची उंची अन्यत्र सापडणे कठीण. हे तिथे राहून गेलेल्या थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ बौद्ध भिक्षूंचे, स्मारक आहे आणि त्यांतल्या काहींवर धम्मगिरी, संघदिन अशी नावेही कोरलेली आहेत. परंतु आपण पाय लोंबकळत सोडून बसलो की ती आपोआप झाकली जातात. (स्वतःच्या आजोबांच्या समाधीवर असे बसून पाहिले आहे काय, हा प्रश्न मी विचारणार नाही, कारण सूचनांचा सूर सौम्य ठेवायचे मी ठरवले आहे.)

बेडशाला जाऊच नये. तिथे वडापाव मिळत नाही.

चैत्यगृहात शिरल्याबरोबर शिट्टी मारावी. कार्ल्याच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, त्या सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या सागवानाच्या आहेत आणि इतकी जुनी लाकूडकामे जगात फार थोडी उरली आहेत. तेव्हा मान वर करून त्या पाहण्यापेक्षा त्यांच्यापर्यंत शिट्टी पोहोचते की नाही हे तपासणे अधिक शास्त्रीय आहे.

आता मुख्य विषय, म्हणजे नाव कोरणे. ही परंपरा थोर आहे. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला असताना त्याला अजिंठा दिसला आणि त्याने 10 क्रमांकाच्या लेण्यात रंगवलेल्या चित्रावरच आपले नाव नि तारीख खरवडून ठेवली. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग होता व तो त्यावर उभा होता, म्हणून आज ते नाव डोक्याच्याही वर दिसते. इंग्रज गेले, गादी मात्र आपण चालवली. गेल्या रविवारी कार्ल्याच्या एका खांबापाशी विशीतला एक मुलगा स्कूटरच्या किल्लीने बदाम कोरत होता. बदामात बाण झाला होता, एक आद्याक्षर झाले होते, दुसऱ्याचे काम चालू होते. खांबाच्या पायथ्याशी दगडी घट आहे, त्याच्या काठावर पांढरी भुकटी साचत होती आणि ती तो मधूनमधून फुंकर मारून उडवत होता. सुताराने रंधा मारताना मारावी तशी, अगदी मन लावून. मी म्हटले, ‘‘अरे, हे काय करतोस?’’ त्याने वीतभर अंतरावरच्या ब्राह्मी अक्षरांकडे किल्ली दाखवली आणि म्हणाला, ‘‘काका, इथे आधीपासूनच लिहिलेलं आहे की.’’

लिहिलेले आहेच. कार्ल्याच्या खांबाखांबांवर लिहिलेले आहे की हा खांब धेनुकाकट गावच्या अमक्या यवनाचे, म्हणजे ग्रीकाचे, दान. सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या सिंहदत्ताने दर्शनी दाराचा खर्च दिला म्हणून त्याचे नाव आहे. वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराने ते काम केले म्हणून त्याचे नाव आहे. वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने, म्हणजे सावकाराने, तर हे जंबुद्वीपातले (आपल्या भारतातले) उत्तम शैलगृह आपण पुरे केले असे अभिमानाने कोरवून ठेवले आहे, आणि ती बढाई त्याला शोभते, कारण त्याने ते खरोखरच पुरे केले. तुम्ही काय दिले? पार्किंगचे पैसे? एक खांब द्या, एक दार द्या, ते नको असेल तर पाण्याचे एक टाके खोदून द्या आणि मग खुशाल नाव लिहा. खोदलेल्या टाक्यांत तुम्ही चिप्सची पाकिटे टाकता.

रखवालदाराला बोलावले. तो म्हणाला, ‘‘साहेब, रविवारी एवढी माणसं आणि आम्ही दोघं. कुणाकुणाचा हात धरायचा?’’ प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्याखाली यासाठी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मी त्या मुलाला ऐकवले, तर त्याच्या आईने मलाच सांगितले की पोरं आहेत, सोडून द्या. आई तिथेच उभी होती. सगळा वेळ तिथेच उभी होती, हातात त्याचा फोन धरून, बदाम पुरा झाला की फोटो काढायला.

अहो, लाज वाटू द्या. तुमच्या नव्या फ्लॅटच्या भिंतीवर कुणी पेन्सिलची रेघ ओढली तर तुम्ही वॉचमनपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना जिना चढायला लावता. ही भिंत छिन्नी-हातोड्याने माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून कोरली आहे. ती खरवडली की कोणत्याही ठेकेदाराला पुन्हा भरून देता येत नाही. प्रेम असेल तर घरी जाऊन सांगा. मूल किल्ली काढताना दिसले तर फोन खिशात घाला आणि त्याचा हात धरा, आणि तेवढे जमत नसेल तर खालीच थांबा, भजी खा आणि परत जा.