मॅडम, पाकिटात काय होतं?

आज मावसबहिणीकडे सत्यनारायणाला गेले होते. प्रसाद हातात पडतोय तोवर भावजी सगळ्यांदेखत म्हणाले, "काय वकीलसाहेब, अजून देशाविरुद्धच्याच केसेस का?" सगळे हसले. मीही हसले. शिऱ्याची वाटी हातात घेऊन कुठे भांडायचं? रिक्षात बसल्यावर डोकं सणकलं, म्हणून हे लिहितेय.

देशाविरुद्ध! भावजींना माझी माहीत असलेली केस एकच, आणि ती विमानतळावर सामान चढवणाऱ्या पोराची. विमानतळाच्या आत जायचा पास नूतनीकरणाला गेला तो 'पडताळणीत प्रतिकूल' एवढाच शेरा घेऊन परत आला. का, ते कुणी सांगेना. पास नाही तर नोकरी नाही. आम्ही हायकोर्टात रिट याचिका केली. सरकारी वकिलांनी एक तपकिरी सीलबंद पाकीट वर दिलं. दोन्ही न्यायमूर्तींनी माना जवळ नेऊन तीन-चार मिनिटं वाचलं, कागद परत आत गेले, असोसिएटने स्टेपलर मारला. खट्. पिटिशन डिसमिस. बाहेर व्हरांड्यात पोरगा विचारतो, "मॅडम, माझ्याबद्दल काय लिहिलं होतं त्यात?"

मला काय माहीत! मी त्याची वकील, आणि मला ते पाकीट फक्त बाहेरून दिसलं.

आणि हे सगळं कायद्यात बसवून बरं का. समोरून २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला, तोही विमानतळावरच्या ग्राउंड हँडलिंगचाच, म्हणजे सामान-बिमान हाताळण्याच्या कामाचा. राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न असेल तर म्हणणं ऐकून न घेताही सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सुरक्षेची परवानगी, काढून घेता येते. संपलं. उलटतपासणी कुणाची घ्यायची, पाकिटाची?

"लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" हेही भावजीच. खरक सिंग कोण ते त्यांना विचारा. दरोड्याच्या केसमधून पुराव्याअभावी सुटलेला माणूस, पोलीस रात्री-अपरात्री त्याचं दार ठोठवायचे. १९६२ मध्ये कोर्टाने त्या रात्रीच्या फेऱ्या रद्द केल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असंही म्हणून ठेवलं. ते पुसायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. नऊ न्यायमूर्ती बसावे लागले, आणि अर्जदार कोण, तर न्या. पुट्टस्वामी, स्वतः हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, वय नव्वदीच्या घरात. तेही देशाविरुद्धच म्हणायचे का?

हो, २६/११ ला हल्लेखोरांचे फोन ऐकले म्हणून पलीकडचे सूत्रधार कळले. ऐकायलाच हवे होते. पण फोन ऐकायला गृहसचिवांचा लेखी हुकूम लागतो, तो समितीपुढे जातो, हे १९९६ साली कोर्टाने घालून दिलंय. आपल्या मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये एका लाचेच्या केसमध्ये टॅपिंगचे तीन हुकूम रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. आरोपी काही संत नव्हता. पण चौकट ती चौकट.

हल्ली 'प्रायव्हसी लॉ' म्हटलं की ज्युनियर मुलांचे डोळे चमकतात. २०२३ चा डेटा कायदा, कंपन्यांच्या पॉलिस्या, एसी ऑफिस, पगार बरा. करा ना, मी कुठे नाही म्हणते. पण त्याच कायद्यात सुरक्षेच्या नावाने सरकारला आपली कुठलीही यंत्रणा वगळता येते, ते कलम १७ कोण लढणार? त्यात फी नाही. नातेवाईकांचे टोमणे मात्र भरपूर आहेत.

५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा मीडियावनचा निकाल आला. मीडियावन म्हणजे मल्याळम वृत्तवाहिनी, सुरक्षेचं कारण देऊन सरकारने तिचा परवाना अडवला होता. राष्ट्रीय सुरक्षा म्हटलं की झालं असं चालणार नाही, आणि बंद पाकीट नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असं कोर्टाने स्वच्छ लिहिलं. मी तो लोकलमध्ये फोनवर वाचत होते. उतरायचं होतं घाटकोपरला, उतरले ठाण्याला. प्लॅटफॉर्मवर त्या पोराला फोन लावला. म्हणाला, "मग मॅडम, आता माझं पाकीट उघडतील?" मी म्हटलं, नाही रे, तुझी केस संपली.

असो. राग जरा उतरला. निघताना भाची जिन्यापर्यंत आली होती, लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हळूच म्हणाली, "मावशी, बाबांचं मनावर घेऊ नकोस. मी सुट्टीत तुझ्याकडे येऊ?" ये म्हटलं. मग विचारते, "त्या दादाचं पुढे काय झालं गं?"

टॅक्सी चालवतो. जास्त करून एअरपोर्टचीच भाडी घेतो.