खरा ऐवज दुसऱ्या भागात आहे

चिनी विज्ञानकथाकार लिऊ सिशिनच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या कादंबरीचं कौतुक ऐकून एव्हाना कान किटले असतील. विज्ञानकथांसाठीचा २०१५ चा ह्युगो पुरस्कार मिळाला, ओबामांनी तारीफ केली, २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली. पुस्तक चांगलंच आहे, वाद नाही. पण 'द डार्क फॉरेस्ट' हा दुसरा भाग त्याच्या कितीतरी पुढे आहे, आणि पहिला संपवून 'झालं वाचून' म्हणणारे फार भेटतात. (पुढे कथानक फुटतंय. ज्यांना वाचायचंय त्यांनी इथेच थांबा.)

पहिल्या भागाची सुरुवात जबरदस्त. चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत पोटच्या मुलीसमोर बापाला मारून टाकतात, आणि त्याच मुलीच्या हातून पुढे परग्रहाला आमंत्रण जातं. नंतर मात्र बरीच पात्रं केवळ शास्त्र समजावून सांगायला आणल्यासारखी वाटतात. शेवटी येतो सोफॉन: त्या परग्रहवासीयांनी एका प्रोटॉनचा केलेला संगणक, जो पृथ्वीवरचं सगळं बघतो, ऐकतो आणि भौतिकशास्त्राची प्रगती रोखून धरतो. तिथे तो जादूगाराच्या पोतडीतून काढल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या भागाने याच सोफॉनचा खेळाचा नियम केला. पृथ्वीकडे निघालेला हा परग्रही शत्रू चारशे वर्षांनी पोचणार, पण त्याचे कान आत्ताच घरात आहेत. कागद, फोन, कुजबुज, काहीच लपत नाही. लपतं ते फक्त डोक्यातलं. त्यात या परग्रहवासीयांचे विचार एकमेकांना आपोआप दिसतात, त्यामुळे थापा मारणं हा प्रकारच त्यांना ठाऊक नाही. मग संयुक्त राष्ट्रसंघ चार 'वॉलफेसर' नेमतो: हवा तेवढा पैसा घ्या, मनातल्या मनात योजना आखा, का म्हणून कुणी विचारायचं नाही. तिघे मातब्बर. चौथा लुओ जी, कामचुकार प्राध्यापक. आपल्याला का निवडलं हे त्यालाच कळत नाही, आणि तो काय करतो? तळ्याकाठी बंगला मागतो!

तिथेच पुस्तक घसरतंही. स्वप्नातली बाई जशीच्या तशी शोधून आणण्याचा भाग लांबलेला आणि बराचसा बालिश आहे. लिऊंना स्त्रीपात्रं जमत नाहीत, हे त्यांच्या भक्तांनीही मान्य करावं.

पण 'थेंबा'चं प्रकरण वाचा. शत्रूचं जेमतेम साडेतीन मीटर लांबीचं, आरशासारखं यान. माणसांच्या दोन हजारांच्या आसपास अंतराळ युद्धनौका नीट रांगा लावून त्याच्या स्वागताला उभ्या. म्हातारा शास्त्रज्ञ डिंग यी जवळ जाऊन त्याचा पृष्ठभाग मोठा करून पाहतो. आणखी मोठा. कितीही मोठा केला तरी एक ओरखडा दिसत नाही. इतकं गुळगुळीत काही असूच शकत नाही, हे त्याला उमगतं आणि तो सोबतच्या पोरांना पळा म्हणतो. तोवर उशीर झालेला असतो. मला त्यानंतरचा संहार तितकासा हादरवून गेला नाही. त्यातून वाचलेली जहाजं इंधनासाठी आणि सुट्या भागांसाठी एकमेकांवर उठतात, ते जास्त लागलं. समोरचा माझ्याबद्दल काय विचार करत असेल, आणि मी काय विचार करतोय असं त्याला वाटत असेल, या संशयाच्या साखळीवरच लुओ जीचा अख्ख्या विश्वाचा सिद्धांत उभा आहे. लिऊ तो आधी मूठभर माणसांत घडवून दाखवतात आणि मगच लुओ जीच्या तोंडून नीट मांडतात. व्याख्यानं झोडणारा पहिल्या भागातला लेखक तो हाच का, असा प्रश्न पडतो.

मालिकेच्या पहिल्या सीझनवर समाधान मानून बसलेल्यांनो, तुमची गाडी वॉलफेसरांच्या नेमणुकीपाशीच थांबलीय. पुस्तक उचला.