विधेयक वाचायचं नसतं

संसदेत नवं विधेयक आलं की लगेच वाचायला घेऊ नका, डोळे बिघडतात. मांडलं कुणी एवढंच बघा. आपल्यांनी मांडलं तर ऐतिहासिक, समोरच्यांनी मांडलं तर काळा कायदा. करड्या रंगाचा कायदा आपल्या देशात अजून झालेला नाही.

मत मात्र नाडीच्या लेंग्यासारखं असावं, सैल करता येईल असं. जीएसटी बघा. काँग्रेसचे तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी २००६च्या अर्थसंकल्पी भाषणात तो लागू करायची १ एप्रिल २०१० ही तारीख दिली. २०११ला घटनादुरुस्ती विधेयक आलं, तर राज्यांचा महसूल बुडेल म्हणत भाजपची गुजरात, मध्य प्रदेशातली सरकारं आडवी आली. सरकार बदललं. डिसेंबर २०१४मध्ये भाजपनंच ते नवं आंगडं-टोपडं घालून मांडलं. मग काँग्रेस राज्यसभेत हटून बसली की १८ टक्क्यांची मर्यादा घटनेतच लिहा. शेवटी ३० जून २०१७च्या मध्यरात्री सेंट्रल हॉलमध्ये बारसं झालं आणि पोर ज्यांच्या घरचं, तेच रुसून घरी बसले!

आमच्या सोसायटीच्या बाकावर दोन काका बसतात. 'जीएसटीनं छोटा दुकानदार मरेल' असं पहिल्यांदा एक काका म्हणाले होते, सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत. सत्ता बदलल्यावर हेच वाक्य दुसऱ्या काकांकडे गेलं. पहिले काका 'एक देश, एक कर' म्हणू लागले, चष्मा तसाच पुसत. बाकावरच्या जागा बदलल्या नाहीत, हे विशेष. तुम्हीही असंच करा, फक्त जुने फॉरवर्ड वेळीच डिलीट करा.

कृषी कायद्यांचं तर विचारूच नका. बाजार समिती कायदा रद्द करू, हे काँग्रेसच्या २०१९च्या जाहीरनाम्यात होतं. २०२०मध्ये भाजप सरकारनं बाजार समित्यांबाहेर शेतमाल विकू देणारा कायदा आणला, तर तोच पक्ष बाजार समित्या वाचवायला रस्त्यावर. राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदानानं मंजूर झालेले कायदे २९ नोव्हेंबर २०२१ला चर्चेविना मागे घेतले गेले. वर्षभर 'माघार नाही' म्हणणाऱ्यांना त्यातही मास्टरस्ट्रोक दिसला. इतकी चिकाटी हवी.

परवा बाकाशी थांबून विचारलं, ''काका, नवीन विधेयक चांगलं आहे का हो?''

काकांनी शेंगदाण्याची सालं फुंकली. ''थांब जरा. आमच्यांचं काय ठरलंय ते संध्याकाळी कळेल.''