गाडी कधी येणार ते आधी सांगा ना!
किती वेळा सांगायचं, साइटवर माल पाठवताना आधी वेळ कळवा! आज परत तेच. स्लॅबचं काँक्रीट चालू, गेटबाहेर ६ घनमीटरचा मिक्सर भरून उभा, मागे अजून एक, आणि पुढ्यात न सांगता आलेला सळईचा ट्रेलर आडवा. क्रेन एकच, ती वर शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या, प्लेटा उचलतेय, मग सळई उतरवणार कोण? रस्ता अख्खा जाम, शेजारचे लोक ओरडतायत, त्यांचं तरी काय चुकलं?

काँक्रीट थांबतं का कुणासाठी? दीड-दोन तासात ओतलं नाही की आळायला लागतं, मग ड्रायव्हर गुपचूप ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतो आणि गेली त्याची ताकद! वर आधी ओतलेला भाग घट्ट होतोय, तिथे कोल्ड जॉइंट, म्हणजे जुनं-नवं काँक्रीट एकजीव न झालेला सांधा, उद्या तिथूनच गळणार. आणि टाइल्स? त्या मात्र ३ महिने आधीच येऊन जिन्याखाली पडल्यात, रोज इकडून तिकडे हलवा, कोपरे उडतायत.

अरे गेटवर एक तक्ता लावा, कुठली गाडी किती वाजता, क्रेन कधी कुणाला, बस! बाकीचा माल शहराबाहेर गोदामात ठेवा, लागेल तसा एकाच गाडीत भरून पाठवा. दोन फोनचं काम आहे हो हे, आणि त्यापायी रोज ४० माणसं उन्हात हाताची घडी घालून उभी!